मधलं टेबल

मॅट्रिक झाले, टायपिंगच्या वर्गात जाऊन थोडी ठोकाठोक शिकले आणि पनवेलच्या एका बर्फाच्या कारखान्यात मला नोकरी लागली. साठच्या आसपासची गोष्ट. त्या दिवशी मी घरी चालत आले नाही, जवळजवळ पळतच आले. आमच्या आळीतल्या ज्या बायका नोकरी करत त्या शाळेत नाहीतर दवाखान्यात. बर्फाच्या कारखान्यात कुणीच नव्हती. मला वाटलं, आता पनवेलच काय, सगळा कुलाबा जिल्हा मीच गार करून सोडणार.

वडील झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी बातमी सांगितली तरी त्यांनी पेपर खाली केला नाही. स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "तिला म्हणावं, असल्या ठिकाणी मुलींनी बसायची आपल्याकडे पद्धत नाही."

आई दारात येऊन उभी राहिली. मी आईलाच म्हटलं, "त्यांना म्हणावं, मी हो सांगून आलेय."

झालं. त्या क्षणापासून वडिलांनी माझ्याशी अबोला धरला. रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईकरवी एक अट आली. "तिला म्हणावं, जाते तर जा. पण नोकरीत काही कमीजास्त झालं आणि परत घरी बसली, की मग दुसऱ्या दिवसापासून स्थळं बघायला सुरुवात." मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण ते स्थळ मी आधी बघावं आणि माझ्या सवडीनं बघावं, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेला नोकरीखेरीज दुसरा टेकू नव्हता. तेव्हा काही झालं तरी ही नोकरी सोडायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

मुलाखतीतच काहीतरी गंमत आहे हे मला कळायला हवं होतं. मालक दोन, एकमेकांचे चुलतभाऊ, भागीदार. सगळे त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत. थोरल्यांचं टेबल खिडकीशी, धाकट्यांचं दाराशी, आणि मधोमध एक रिकामं टेबल. थोरल्यांनी विचारलं, "बोलता येतं ना नीट?" मी म्हटलं, येतं. मग धाकट्यांनी विचारलं, "स्पष्ट बोलता येतं ना?" मी म्हटलं, अगदी स्पष्ट. टायपिंगचं कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, टेलिफोनवर बोलायचं असेल.

पहिल्याच सकाळी उलगडा झाला. थोरले खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, त्याला म्हणावं, मीठ संपत आलंय."

मी इकडेतिकडे बघितलं. खोलीत आम्ही तिघंच. 'तो' म्हणजे माझ्या उजव्या हाताला बसलेले धाकटे. थोडं वाकले असते तर दोघांना एकमेकांच्या टोप्या उचलता आल्या असत्या. मी धाकट्यांकडे वळून म्हटलं, "मीठ संपत आलंय."

"त्यांना म्हणावं, ऐकलं मी," धाकटे म्हणाले.

मी थोरल्यांकडे वळले. "त्यांनी ऐकलंय."

थोरल्यांनी मान डोलावली. तो माझा कंपनीतला पहिला व्यवहार. टायपिंगसाठी बोटं तयार करून आले होते आणि कामाला लागली जीभ.

अबोला घराघरांत असतो. सासूसुनांत असतो, जावाजावांत असतो, आमच्या घरी तर ताजाच होता. पण घरातला अबोला सणाला, आजारपणाला, निदान भाजीत मीठ विसरलं तर सुटतो. कंपनीत अबोला चालतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्याचं कारण म्हणजे एक नारळ. कारखान्याच्या उद्घाटनाला यंत्रापुढे नारळ फोडायचा होता. थोरले सोवळं नेसायला गेले, मुहूर्त टळत होता, धाकट्यांनी तो फोडून टाकला. थोरले परत आले तर खोबरं वाटणं चालू. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. तरीही रोज एका खोलीत बसत होते, कारण खोली सोडली असती तर ज्याने सोडली तो हरला असता.

खरं सांगते, सुरुवातीला मला याची मजाच वाटली. मी त्या कामात तरबेज झाले. थोरले म्हणत, "त्या शहाण्याला म्हणावं, गिऱ्हाइकाला उलटं बोलू नये." मी म्हणे, "गिऱ्हाइकाला जरा गोडीनं घ्यावं असं त्यांचं मत आहे." धाकटे म्हणत, "त्यांना म्हणावं, यंत्राशी बोलण्यापलीकडे ज्यांना काही येत नाही त्यांनी गिऱ्हाइकाचं सांगू नये." मी म्हणे, "तुमचं यंत्रावर चांगलं लक्ष आहे म्हणतायत." दोघांनीही मूळचं शब्दन् शब्द ऐकलेलं असायचं. तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, असा कायदा. एखाद्या वेळी मी पाणी प्यायला गेले तर परत येईपर्यंत कंपनी बंद.

आणि बर्फ. तो तर मला जादूच वाटायचा. मोठ्या हौदात खारं पाणी, त्यात गोड्या पाण्याचे लोखंडी डबे सोडलेले. यंत्र धडधडत राही आणि डब्यातलं पाणी गोठून लादी तयार होई. दुपारच्या उकाड्यात ती लादी बाहेर निघायची तेव्हा तिच्यातून वाफ निघाल्यासारखं दिसायचं आणि मी टेबल सोडून धावायची. कामगार हसायचे आणि कोपऱ्याचा एक तुकडा फोडून माझ्या डब्यात टाकायचे. तो पंच्यात गुंडाळून मी घरी न्यायची. दारात भावंडं रांगेत उभी. आई वडिलांच्या पाण्यात तुकडा घालायला जाई तेव्हा झोपाळ्यावरून आवाज येई, "मला नको म्हणावं." बाकीचे आम्ही सारखे तुकडे करून वाटून घ्यायचो. तरी दरवेळी एक तुकडा कमी पडायचा आणि मी धाकट्या भावाला बोलायची.

हळूहळू मात्र मला दिसायला लागलं की या अबोल्यानं सगळी कंपनी पोखरली होती. कामगार थोरल्यांचे आणि धाकट्यांचे असे वाटले गेले होते. थोरल्यांचा चहा एका हॉटेलातून यायचा, धाकट्यांचा समोरच्या. मी एकाचा प्याले की दुसरे दिवसभर माझ्याकडे न बघता 'म्हणावं' म्हणत. म्हणून मी दोन्ही चहा प्यायची आणि संध्याकाळपर्यंत माझं पोट ढवळत राही. मीठ दोघांनी दोनदा मागवलं आणि लाद्यांवर टाकायचा भुसा कुणीच मागवला नाही, कारण मीठ दोघांनाही आपलं खातं वाटायचं आणि भुसा दुसऱ्याचं. कामगार यातून आपापली वाट काढायचे. रजा हवी असली की फिटर धाकट्यांसमोर येऊन चेहरा पाडून म्हणायचा, "थोरल्यांनी रजा नाय दिली." त्याने थोरल्यांना विचारलेलंही नसायचं. धाकटे ताबडतोब रजा द्यायचे. शिस्त, कष्ट, हुशारी यांच्यापेक्षा तिथे कुणाच्या रागाचा रोख कुठे आहे हे ओळखणारा माणूस वर जायचा. मीही तेच ओळखून टिकले होते, हे कळलं तेव्हा मला माझाच राग आला.

मग त्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि पहिली मासळी किनाऱ्याला लागली. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे उरणजवळच्या करंजाची एक कोळीण. तिच्या दोन मुलांची होडी. ती स्वतः बर्फ न्यायला यायची, कासोट्यात चंची खोचलेली, आवाज असा की यंत्राच्या धडधडीवरून ऐकू यावा. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाय म्हणायची. त्या दिवशी थोरल्यांनी बर्फखोली उघडून लाद्या अंगणात काढायला लावल्या. लॉरी धाकट्यांच्या ताब्यात. ती त्यांनी सकाळीच आपटा गावी एका गिऱ्हाइकाकडे पाठवून दिली होती. मी विचारलं तर म्हणाले, "लॉरी लागणार हे मला कुणी म्हटलं?" थोरले म्हणाले, "लाद्या बाहेर काढतात त्या काय बघायला काढतात, असं म्हणावं." लॉरी येईपर्यंत लाद्या पाझरून फाटकाबाहेर रस्त्यावर वाहत गेल्या. गल्लीतली कुत्री ते गार पाणी चाटत होती आणि मावशी दगडावर बसून ते बघत होती. तिची मासळी त्या दिवशी विकायची राहिली, वाळवायला घालावी लागली. पुन्हा आली तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "बाय, परत आसा नको करू." जणू मीच लाद्या वितळवल्या होत्या. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्यापुढे कंपनी म्हणजे मीच होते.

पुढच्या खेपेला ती भल्या सकाळी आली. होडी लागली होती, मासळी भरपूर होती, ती माणसांना किनाऱ्यावर बसवून आली होती. बर्फखोलीत लाद्या भरलेल्या. लॉरी दारात उभी. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत असं आपण म्हणतो, पण आमच्याकडे त्या दिवशी दातही होते आणि चणेही होते.

थोरल्यांनी बर्फखोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. "त्याला म्हणावं, आधी लॉरी खोलीशी लावा. मग कुलूप काढतो. मागच्यासारखं नको."

धाकट्यांनी लॉरीची किल्ली खिशातून काढून पुन्हा खिशात घातली. "त्यांना म्हणावं, आधी कुलूप काढा. मग लॉरी लावतो. मागच्यासारखं मलाही नको."

मी एक फेरी केली. दोन केल्या. थोरल्यांचं म्हणणं आणखी गोड केलं, धाकट्यांचं आणखी मऊ केलं. दोघं जागचे हलेनात. मावशी दारातून बघत होती. खिडकीत कर्नाळ्याचा सुळका चांगला उन्हात आला होता, म्हणजे करंजालाही ऊन चढलं असणार.

"बाय, मासली वाट बगत नाय," ती म्हणाली.

थोरले म्हणाले, "बाई, त्याला म्हणावं..."

आणि माझं काय झालं कोण जाणे. मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हटलं, "मी म्हणणार नाही. तुम्हीच म्हणा."

नोकरीचं काय होणार हे मला चांगलं ठाऊक होतं. स्थळं, झोपाळा, वडिलांचा पेपर, सगळं एका क्षणात डोळ्यापुढून गेलं. पण त्याहून जोरात मला आनंद होत होता. इतके महिने दुसऱ्यांचे शब्द तोंडात घोळवून माझी जीभ जड झाली होती, ती आता हलकी वाटत होती. मी तोंड गच्च मिटून बसले.

थोरल्यांनी भिंतीला सांगून पाहिलं. "भिंतीला म्हणावं, लॉरी लावा." भिंत गप्प. धाकटे मावशीकडे वळले, "मावशी, त्यांना म्हणावं..."

मावशीनं कमरेवर हात ठेवले. "मी कशाला म्हनू? तुमी दोगं मुकं हाय काय? शेजारी तर बसलेत."

दारात फिटर येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागे आणखी दोघे. थोरल्यांचे कोण आणि धाकट्यांचे कोण, त्या गर्दीत ओळखू येत नव्हतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. थोरल्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी किल्ली टेबलावरून सरकवली. ती माझ्या टेबलावरून घसरत पलीकडे गेली.

"घे," ते म्हणाले.

धाकट्यांनी किल्लीकडे बघितलं. मग खिशात हात घातला. "लॉरी लावायला सांगतो. तुम्ही भुसा टाकून घ्या."

एवढंच. पण दारातले तिघे अंगणात धावत सुटले आणि क्षणात सगळ्या कारखान्याला कळलं. चिमट्यांचे आवाज, लाद्या घसरण्याचे आवाज, "सांभाळ, सांभाळ" अशा हाका. मीही टेबल सोडून बाहेर आले. लाद्यांवर भुसा पडला, गोणपाटं पडली, मावशी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. जाताना तिनं पिशवीतून एक नारळ काढून माझ्या हातात दिला. पौर्णिमेच्या पूजेतला होता. "खा घरी," म्हणाली. लॉरी उरणच्या रस्त्याला लागली आणि मी अंगणात नारळ हातात धरून एकटीच हसत उभी राहिले. मला वाटलं, आज मी कंपनी वाचवली. आता इथे माणसासारखं काम होईल, मला टायपिंग करायला मिळेल, चहा एकाच हॉटेलचा येईल.

आत आले तर दोघं खुर्च्या वळवून समोरासमोर बसले होते. बोलत होते. थोरले चक्क हसत होते. मला इतकं भरून आलं की मी दारातच थांबले.

"उद्धटच आहे पोरगी," थोरले म्हणत होते.

"मला तर पहिल्या दिवसापासून वाटत होतं," धाकटे म्हणाले.

"माणसांदेखत."

"गिऱ्हाइकादेखत."

"आणि आता तसं मधे कुणी लागणारही नाही."

"तेच म्हणतो मी."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होते. थोरल्यांनी मला बघितलं. या वेळी कुणाला म्हणायला न सांगता ते थेट माझ्याशी बोलले. "बाई, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका." कंपनीतून काढलं की नारळ दिला म्हणतात. माझ्या हातात खरोखरचाच होता. मला हसू फुटलं, आणि ते बघून उद्धटपणावर शिक्कामोर्तब झालं.

पुढच्या दिवाळीच्या आत दोघं पुन्हा एकमेकांशी बोलेनासे झाले आणि मधल्या टेबलावर एक पेन्शनर मास्तर येऊन बसले, असं फिटरनं नंतर मला बाजारात सांगितलं. मास्तरांना ऐकायला कमी येत होतं, त्यामुळे तिथे आता सगळं दोनदा म्हणावं लागत होतं.

त्या दिवशी मात्र मी भर दुपारी घरी आले. भावंडं शाळेत होती. वडील झोपाळ्यावर, तोंडापुढे पेपर. मी नारळ आईच्या हातात दिला आणि तिला हळूच सांगितलं. आईचा चेहरा पडला. ती काही बोलायच्या आत पेपराच्या मागून आवाज आला.

"तिला म्हणावं, आज बर्फ आणला नाही का?"

मी झोपाळ्याकडे बघत राहिले. मला नको म्हणावं, म्हणणारा तोच आवाज. कमी पडणारा तुकडा कुठे जात होता ते मला तेव्हा कळलं. बिचाऱ्या भावाला मी उगाचच बोलत होते.

आई माझ्याकडे वळून तोंड उघडणार, इतक्यात मी म्हटलं, "मला विचारा ना. मी इथेच उभी आहे."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. मग पेपर खाली आला. इतक्या महिन्यांनी मी त्यांचा चेहरा समोरून बघितला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. हे मला माहीतच नव्हतं.

"बर्फ नाही आणलास?" त्यांनी विचारलं.

"नाही. नोकरी गेली. आता बर्फ मिळणार नाही."

ते माझ्याकडे बघत होते. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. ते वाक्य मला पाठ होतं, स्थळं बघायचं. पण तेवढ्यानं मागे हटायचं नाही, असं मी अंगणात नारळ हातात घेऊनच ठरवून टाकलं होतं. म्हणून मीच आधी म्हटलं, "उद्यापासून दुसरी बघते."

वडिलांनी पेपराची घडी घातली. घडी नीट बसेना, ती त्यांनी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"बघ," ते म्हणाले. आईला नाही, मला.